मार्कर नंतर, आधी डबी नीट भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूत्राशय भरत आले की ओटीपोट दुखते, लघवी केली की तेवढ्यापुरते बरे वाटते, तासाभरात पुन्हा तेच. कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट मात्र ‘वाढ नाही’. असे सहा आठवड्यांच्या वर चालले आणि दुसरे कारण सापडले नाही, की त्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. बाकीचे सगळे वगळत जायचे असल्याने ‘लघवीतल्या मार्करवरून’, म्हणजे आजाराची खूण दाखवणाऱ्या पदार्थावरून, ‘निदान’ म्हटले की कंटाळलेला रुग्ण लगेच तयार होतो.

तसा एकही मार्कर अजून रोजच्या निदानासाठी मान्य झालेला नाही. एनजीएफ (मज्जातंतूंच्या वाढीचा घटक) या रुग्णांत वाढलेला दिसतो खरा, पण नुसती वारंवार लघवी लागणाऱ्या, वेदना नसलेल्या रुग्णांतही तो वाढतो. एपीएफ (पेशींची वाढ रोखणारा घटक) हा नऊ अमिनो आम्लांचा, साखरेची साखळी जोडलेला छोटा रेणू त्यापेक्षा नेमका वाटला. पण तो मोजायचा तर मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशी वाढवून, त्यांवर रुग्णाची लघवी घालून वाढ थांबते का ते पाहावे लागते. हे काम कोपऱ्यावरच्या लॅबचे नव्हे. शिवाय तांब्याभर पाणी पिऊन दिलेल्या लघवीत मार्कर पातळ होतो, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या (लघवीतून नेहमी बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या) प्रमाणात नसेल तर त्यावर विसंबू नये.

खरी गडबड साध्या सँपलमध्ये होते. खानापूर, चिकोडीकडून सकाळी भरलेली डबी एसटीच्या उन्हात दुपारी बेळगावला पोचते. तोवर बाहेरून पडलेले चार जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होत गेलेले असतात. रिपोर्टात ‘वाढ’ येते, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, दुखणे जिथल्या तिथे.

जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून मधली घ्यावी, झाकणाच्या आत बोट लावू नये. दोन तासांत लॅबमध्ये पोचवावी. नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावी आणि बर्फाच्या डब्यातून, 24 तासांच्या आत न्यावी. जंतूंची वाढ रोखून धरणाऱ्या बोरिक अॅसिडची नळी असेल तर खुणेपर्यंतच भरावी. कमी भरली तर अॅसिड जास्त होऊन खरे जंतूही वाढत नाहीत.

पस सेल (पू-पेशी) भरपूर आणि कल्चर कोरे, असे आले तर आधी क्षयरोग आठवावा. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी द्यावी लागते. लघवीत रक्त दिसले तर मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी टाळू नये, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

मार्करवर पैसे घालण्याआधी तीन दिवस वही ठेवावी: किती वाजता, किती मिली, तेव्हा दुखत होते का. निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी 300-400 मिली होते. या आजारात बहुधा 100-150 च्या आसपासच थांबते, आणि रात्रीही दोन-तीनदा उठावे लागते.

एक विनंती लॅबचालकांना. डबीसोबतची चिठ्ठी कन्नड आणि इंग्रजीत असते तशी मराठीतही छापावी. चार ओळी पुरतात.

— काही प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बेळगाव