गल्लीची रुंदी मोजता, तसा कोपराही मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाशिकच्या २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या आपल्या अंकात नेमाने वाचतो. रस्ते, पूल, घाट, वाहनतळ यांवर पुष्कळ लिहून येतं. अग्निशमनाच्या गाड्यांचा विषय निघाला की मात्र बोलणं दोनच गोष्टींवर येऊन थांबतं: टाकी किती लिटरची आणि शिडी किती मीटरची. ती गाडी जुन्या नाशकातल्या घनकर लेनच्या किंवा तिवंध्याच्या कोपऱ्यावर वळणार का, हे कोणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. म्हणून हे पत्र.

मी एसटीत चालक होतो. निमाणी बस स्थानकावरून शहर बस चालवली, पुढे लांब पल्ल्याच्या गाड्याही चालवल्या. लांब गाडी अरुंद वळणावर काय करते, हे हाताला आणि मानेला माहीत आहे. गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आत कापतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला आम्ही व्हीलबेस म्हणतो, ते जितकं जास्त तितकी मागची चाकं जास्त आत येतात. म्हणून चालक कोपरा आला की लगेच स्टेअरिंग फिरवत नाही. तोंड पुढे जाऊ देतो, आपली सीट कोपऱ्याच्या पार गेली की मग फुल लॉक मारतो, म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवतो. त्या क्षणी डोळे तीन ठिकाणी हवेत: समोरच्या भिंतीवर, आतल्या बाजूच्या आरशात, आणि वर लोंबणाऱ्या वायरींवर. जुन्या गावात आतल्या बाजूला वाड्याचा ओटा असतो, त्याच्या दोन पायऱ्या रस्त्यात आलेल्या असतात. मागचं चाक बरोबर त्यांच्यावर येतं. बाहेरच्या बाजूला विजेचा खांब किंवा डीपी. बंपर तिकडे टेकतो.

आकड्यांत सांगतो, म्हणजे हा नुसता अनुभवाचा तोरा वाटायला नको. २.४ मीटर रुंद, ४.२ मीटर व्हीलबेसची, पुढच्या चाकापुढे १.३ मीटर तोंड असलेली पाण्याची गाडी धरा. बाहेरचं पुढचं चाक ३२ अंश वळतं असं माना. त्या चाकाचं वर्तुळ जवळजवळ ८ मीटर त्रिज्येचं होतं, बंपरचा कोपरा त्याच्याही बाहेरून, साधारण ८.७ मीटरवरून फिरतो, आणि आतल्या मागच्या चाकाची कड ४.३ मीटरवरून. म्हणजे सरळ चालताना अडीच मीटरही न लागणारी गाडी वळताना जवळपास साडेचार मीटर रस्ता खाते. आता चार मीटरच्या दोन गल्ल्या काटकोनात भेटतात आणि कोपऱ्यावर वाड्याची सरळ धार आहे असं समजा. ही गाडी तिथे एका दमात वळणारच नाही. गणिताने दोन्ही गल्ल्या पावणेपाच मीटरच्या वर हव्यात. मागेपुढे कट मारून वळवू म्हटलं, तर मागे बघ्यांची गर्दी, दुचाक्या आणि रिक्षा उभ्या असतात. रिव्हर्स घ्यायला जागा राहत नाही.

तीच गल्ली, पण गाडी १.९ मीटर रुंद आणि २.८ मीटर व्हीलबेसची घ्या. साडेतीन मीटरच्या गल्लीतही ती एका फेरीत वळून जाते. पुढचं चाक तेवढंच वळतंय, फरक सगळा लांबी-रुंदीचा आहे. मात्र त्या चार मीटरच्या गल्लीत ऐन कोपऱ्यावर भिंतीला लागून एक मोटारसायकल उभी केली, की उरते सव्वातीन मीटर. मग ही छोटी गाडीही अडकते. कोपऱ्यावर ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावणाऱ्या प्रत्येक नाशिककराने हे ऐकावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. गल्लीत मध्येच कुठे भिंतीला लागून लावलेल्या गाडीपेक्षा कोपऱ्यावर लावलेली गाडी जास्त घात करते.

छोट्या गाडीत पाणी कमी मावतं हे मान्य. ४५०० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच साडेचार टन असतं, आणि तेवढं पाणी हवंच. पण मोठी गाडी रविवार कारंजा, मेन रोड अशा रुंद ठिकाणी उभी करून तिथून होजने, म्हणजे पाण्याच्या जाड नळीने, आतल्या छोट्या गाडीला पाणी पुरवता येतं. अग्निशमनाच्या जवानांना हे मी शिकवायला नको. मुद्दा इतकाच की आत जाणारी छोटी गाडी नसेल, तर सगळी होज माणसांनी खांद्यावरून ओढत न्यावी लागते. होज साधारण १५ मीटरच्या तुकड्यांत येते. गाडी दीडशे मीटर लांब अडली, तर दहा तुकडे जोडायचे, प्रत्येक जोडाशी गळती तपासायची आणि लांबीबरोबर दाबही घटत जाणार. जुन्या नाशकातले वाडे सागाच्या लाकडाचे. तुळया, खण, जिने, कडीपाट, सगळं वर्षानुवर्षं वाळलेलं, आणि एका वाड्याची भिंत दुसऱ्याला चिकटलेली. तिथे ही दहा-पंधरा मिनिटं परवडत नाहीत.

जपानात गल्ल्या आपल्यासारख्याच चिंचोळ्या आहेत. तिथे ‘केई’ वर्गातली चिमुकली वाहनंही अग्निशमनाला वापरतात. त्या वर्गाची मर्यादाच ३.४ मीटर लांब आणि १.४८ मीटर रुंद अशी आहे. गल्ली बघून गाडी घ्यायची, हा साधा व्यवहार त्यांनी केला. जुने रस्ते पाडून रुंद करण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे, आणि वाडेही वाचतात.

नव्या भागाबद्दल थोडंच लिहितो. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगरकडच्या उंच इमारतींना राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे भोवती ६ मीटर मोकळी जागा, ४५ टन वजन पेलणारी जमीन आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी ९ मीटरची वळण त्रिज्या सोडावी लागते. नकाशावर ती असतेच. नंतर त्याच वळणावर वॉचमनची केबिन, जनरेटर, कुंड्यांची रांग येते. सोसायट्यांच्या कमिट्यांनी एका रविवारी टेप घेऊन आपापल्या आवारात फिरावं, एवढं पुरे आहे.

सिंहस्थात हाच प्रश्न दहापट होणार. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत माणसं गेली, हे आम्ही पंचवटीकर विसरलेलो नाही. गर्दी आवरायला बल्ल्यांचे, म्हणजे जाड लाकडी वाशांचे, बॅरिकेड लागतात, लागलेच पाहिजेत. पण बल्ली नेमकी वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर पुरली तर तिथून ना अग्निशमनाची गाडी जाईल ना अॅम्ब्युलन्स. निदान काळाराम मंदिर, शनि चौक, सरदार चौक या पट्ट्यात कोपऱ्यावरच्या बल्ल्या दोन माणसांना उचलता येतील अशाच असाव्यात.

महापालिकेला माझं सांगणं थेट आहे. नव्या गाड्यांच्या निविदेत वळण त्रिज्या लिहाच, आणि ती ‘वॉल टू वॉल’, म्हणजे बंपरच्या कोपऱ्यासकटची, मागा. कंपन्या बहुधा ‘कर्ब टू कर्ब’चा आकडा पुढे करतात. तो नुसत्या चाकाचा असतो, पुढे आलेला बंपर त्यात धरत नाहीत. वरच्या हिशेबात या दोन आकड्यांत पाऊण मीटरचा फरक पडतो. जुन्या नाशकात फुटपाथची कड नाही, सरळ भिंत आहे. तिथे तो पाऊण मीटर म्हणजे वाड्याचा दरवाजा.

आणि खरेदीआधी एका रात्री, रस्ते मोकळे असताना, शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातली आहे ती गाडी टाकी भरून जुन्या गावातून फिरवा. भरलेलीच हवी, कारण रिकामी गाडी गटारीच्या चेंबरवरून सहज जाते आणि भरलेली त्याचं झाकण फोडून खचते. सोबत महावितरण आणि वाहतूक पोलिसांची माणसं असू द्या. जिथे गाडी अडेल त्या कोपऱ्यावर तिथल्या तिथे पिवळे पट्टे मारा, आडवी येणारी वायर, खांब, पत्र्याची शेड लिहून घ्या. स्टेअरिंगवर अग्निशमनाचाच चालक असावा, आणि छोट्या गाडीची मापं ठरवताना त्याला टेबलाशी बसवून विचारावं. ही फेरी या पावसाळ्याआधी व्हावी, म्हणजे निविदेत दुरुस्ती करायला वेळ राहील.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
पंचवटी, नाशिक