वर्गणीतला खाऊ गोडच का असतो? – शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मुलांच्या शिबिरांत वाटला जाणारा गोड खाऊ

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यातली आई. माझी मुलगी चौथीत आहे. फेब्रुवारीत ती तीन दिवसांच्या निवासी शिबिराला गेली होती. शिबिर चांगलं झालं. लेझीम शिकली, पहिल्यांदाच आईवाचून झोपली. परत आली तेव्हा तिची जीभ नारिंगी झाली होती. काय काय खाल्लं विचारलं, तर तिनं बोटांवर मोजून सांगितलं : सकाळी चहासोबत क्रीमची बिस्किटं, उन्हातून आल्यावर पावडरचं संत्र्याचं सरबत, संध्याकाळी बुंदी, आणि खेळ जिंकला की दरवेळी चॉकलेट. त्याच आठवड्यात आमच्या शिवारात मृग बहाराची संत्री उतरत होती. बारीक माल व्यापारी उचलत नाही, तो बांधावर पडून सडतो. आणि संत्र्याच्या तालुक्यातली लेकरं संत्र्याच्या रंगाचं पाणी पीत होती. हे मला फार लागलं.

पुढच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही पालक बसलो. मी हा विषय काढला आणि दोन तट पडले. माझी बाजू घेणारे होते, पण मला गप्प केलं ते रोजमजुरीला जाणाऱ्या एका बाईनं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीले घरी सगळं भेटते. माह्या पोट्ट्यानं तीन दिवस पोटभर गोड खाल्लं, तं तुमाले काहून खुपते?" मला उत्तर सुचलं नाही. तिच्या घरी बुंदी लग्नातच येते. तिच्या मुलाचा आनंद खोटा नव्हता, आणि तो हिरावून घेण्याचा मला काय हक्क?

मग एक बाप उठला. त्याच्या मुलीला लहानपणापासूनचा मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. तो म्हणाला, "साखर बंद नोका करू. रक्तातली साखर कमी झाली तं तिले ग्लुकोज द्याच लागते, तिच्या खिशात असतेच. फक्त काय देणार, कवा देणार, हे आधी सांगा. इन्सुलिनचा हिशेब त्यावर बसते." त्यानं मुलीला शिबिराला पाठवलंच नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं आहे की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. दिवसाला १७०० कॅलरी लागणाऱ्या लेकराला १० टक्के म्हणजे साधारण ४२ ग्रॅम, दहा चमचे. गूळही यातच मोजायचा, हे मलाही उशिरा कळलं. शेंगदाण्याच्या लाडवातही गूळ असतोच, पण त्यातल्या दाण्यांनी पोट तरी भरतं. बुंदी, सरबत आणि चॉकलेटं मिळून दहा चमचे सहज ओलांडले जातात.

कायदा नाही असंही नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे किती साखर खावी आणि कशात किती असते हे सांगणारे फलक, लावायला सांगितलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर तसा फलक नाही, पण तो माझा मुख्य मुद्दा नाही. टपरीवाल्याला हटकता येतं. खाऊ दान देणाऱ्याला कोण हटकणार?

कारण साहेब, आमच्याकडची शिबिरं वर्गणीवर चालतात. कोणी बिस्किटांचा खोका देतो, कोणी बुंदीचं सांगतो, आणि माईकवर त्याचं नाव घेतलं जातं. पैशाच्या मानानं जास्तीत जास्त लेकरांच्या हातावर काहीतरी ठेवायचं तर गोडच परवडतं. आयोजकांचा यात दोष नाही, आलेलं दान ते परत कसं पाठवणार? जानेवारी २०२५ मध्ये आपल्या विभागानं शाळेत दुपारी मिळणाऱ्या पोषण आहारातल्या अंड्यांसाठी आणि साखरेसाठी शासनाचा पैसा देणं थांबवलं आणि ते लोकसहभागातून जमवायला सांगितलं. लोकसहभाग कसा असतो, ते आम्ही रोज पाहतो. त्यातून बुंदी येते, अंडी येत नाहीत.

बैठक संपल्यावर मी त्या मजूर बाईला चप्पल घालता घालता विचारलं, शिबिरात उकडलेलं अंडं आणि संत्री दिली असती तर? ती लगेच म्हणाली, "मंग तं चांगलंच झालं असतं. पण देते कोण?"

तिचा हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवते आहे. पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी पुन्हा सुरू करा, आणि शाळेच्या जागेत होणाऱ्या शिबिरांनाही रोजचं अंडं आणि एक फळ परवडेल एवढी तरतूद करा. शिबिरासाठी काय दान घ्यावं आणि काय घेऊ नये, याचं परिपत्रक काढा. खोक्याऐवजी शेंगदाणे, चणे, केळी, संत्री मागायला आयोजकांच्या हातात सरकारी कागद असला की देणाऱ्याचा मान दुखावत नाही. शेवटच्या दिवशी जिलेबी होऊ द्या, ती मी स्वतः वाढीन. मात्र तीन दिवसांत काय काय खायला मिळणार, ते संमतीपत्रासोबत लिहून घरी यावं, आणि मुलाच्या आजाराची एक ओळ त्यावर भरून घ्यावी.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पावसाळा सरला की पुढच्या शिबिराची नावनोंदणी सुरू होते. त्याआधी हा कागद आमच्या शाळेत पोचावा. मधुमेहाच्या त्या मुलीनं बापाकडे आतापासूनच हट्ट धरला आहे, आणि त्यानं तिला अजून हो म्हटलेलं नाही.

आपली,
वरुड तालुक्यातली एक पालक