बारा तारीख मी ठरवून टाकली आहे

पुणे,
३१ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई शेजारच्या लग्नाचे सांगू लागते आणि बाबा ‘हे घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होतात, म्हणून पत्र लिहीत आहे. आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख मी ठरवून टाकली आहे. बुधवार, १२ नोव्हेंबर. खोली सांगून ठेवली आहे, मेडिक्लेमचे कागद दिले आहेत आणि माझी रजाही मंजूर झाली आहे. तुम्हा दोघांना विचारल्यावाचून हे केले याचे मला चार दिवस फार वाईट वाटत आहे. परंतु विचारले असते तर आधी त्रिपुरी पौर्णिमा, मग चंपाषष्ठी, मग मार्गशीर्षातले गुरुवार आणि शेवटी ‘आता सिंहस्थ होऊन जाऊ दे’ इथपर्यंत आपण गेलो असतो, हे तुम्हीही नाकारणार नाही. काकड आरती मात्र मी तुझ्यापासून हिरावलेली नाही, आई. पौर्णिमा पाच तारखेला आहे, तोवर काळारामाचा तुझा नेम पूर्ण होईल. कॅलेंडर उघडल्यावर मी सर्वांत आधी तेच पाहिले.

२०२७ च्या सिंहस्थापर्यंत थांबण्याची तर कल्पनाही करवत नाही. २०१५ च्या पर्वणीला पंचवटीतले रस्ते बंद होते तेव्हा बाबांना किती वळसा घालून घरी यावे लागले होते ते आठवा, आणि तशा एखाद्या रात्री दोन वाजता आईला पुन्हा कळ आली तर काय करणार, तेही मला सांगा.

भाऊबीजेच्या रात्रीवरून मला अजून स्वतःचाच राग येतो. दोन वर्षे तू ‘पित्त झाले’ म्हणत होतीस आणि मी पुण्याहून कोकमाचे आगळ पाठवत होते. आपल्या भाषेनेच आपल्याला चकवले असे वाटते. छातीत जळजळले, तोंडात आंबट पाणी आले की आपण त्याला पित्त म्हणतो, पण ते जठरातले आम्ल असते. पित्त यकृतात तयार होते आणि यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या एका छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठून घट्ट होते. तेलातुपाचे जेवण झाले की ती पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. तुझ्या पिशवीत खडे आहेत, त्यांतला मोठा १४ मिलिमीटरचा आहे. पिशवी आकसताना खडा तिच्या तोंडाशी अडकला, की उजव्या बरगडीखाली सुरू झालेली कळ पाठीतून थेट खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. चकल्या आणि अनारसे खाल्ल्यावर दोन तासांनी तुझे जे झाले ते हेच होते, आणि आम्ही तुला ओवा चावत बसू दिले.

बाबा, कुळथाचे पाणी कृपा करून बंद करा. ते मुतखड्यासाठी देतात, आणि मुतखडा लहान असेल तर लघवीवाटे पडून जातो. पित्ताशयातल्या खड्याला तशी वाट नाही. तो निसटलाच तर मुख्य पित्तनलिकेत जाऊन अडकतो, मग कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणे या ऑपरेशनपेक्षा कितीतरी वाईट. तळमजल्यावरच्या काकूंनाही खडे आहेत आणि त्या मजेत आहेत, हे तुमचे म्हणणे खरे आहे. ज्यांना काही त्रास नाही त्यांच्या खड्यांना डॉक्टरही सहसा हात लावत नाहीत. पण एकदा अशी कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. आत्ता आईची पित्तनलिका मोकळी आहे, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, ताप नाही. घाईने, सुजलेल्या पोटावर करावे लागण्यापेक्षा ते आत्ता शांतपणे करावे, एवढेच माझे म्हणणे आहे. नुसते खडे काढून पिशवी ठेवता येणार नाही का, असे मीही विचारले होते. पिशवी राहिली तर तिच्यात पुन्हा खडे होतात, म्हणून ती पूर्णच काढतात.

आई, तुझ्या मनात काय आहे ते मला कळते. तुझ्या डोळ्यांसमोर अप्पा आहेत. पण अप्पांचे ऑपरेशन १९८८ चे. तेव्हा बरगडीखाली वीतभर छेद घेतल्याशिवाय इलाजच नव्हता. आपल्या देशात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केले, अप्पांना दोन वर्षे थांबता आले असते तरी ते त्यांच्या वाट्याला आले असते की नाही, कोण जाणे. आता ते सर्रास होते. बेंबीपाशी एक सेंटिमीटरचे आणि वर तीन त्याहून लहान, अशी चार छिद्रे पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी यांना बारीक क्लिपा लावून ती कापतात आणि पिशवी बेंबीवाटे बाहेर काढतात. तासाभराचे, फार तर दीड तासाचे काम. त्या क्लिपा आतच राहतात आणि त्यांचा त्रास होत नाही.

एक गोष्ट लपवत नाही, कारण ऐनवेळी कळली तर तुम्ही दोघे घाबराल. आत सूज किंवा चिकटलेपणा फार आढळला तर क्वचित डॉक्टरांना दुर्बीण बाजूला ठेवून मोठा छेद घ्यावा लागतो, आणि तशी संमती आधीच लिहून घेतात. तसे झालेच तर दवाखान्यातले दिवस वाढतील, बरे व्हायला महिना-दीड महिना लागेल, पण त्याचा अर्थ काही बिघडले असा नाही. पित्तनलिकेला धक्का लागू नये म्हणूनच सर्जन तो निर्णय घेतात. बाबा, सहीचा कागद पुढे आला की चष्मा पुसत बसू नका. मी शेजारी असेन.

सोमवारी भूलतज्ज्ञ तपासतील. साखरेची, रक्तदाबाची आणि ती रक्त पातळ करणारी बारीक गोळी, तिन्हींची पाकिटे बरोबर घ्या. कोणती कधी थांबवायची ते तेच सांगतील, आपल्या मनाने एकही बंद करू नये. मंगळवारी रात्री हलके जेवायचे आणि बुधवारी सकाळी काहीही खायचे नाही, चहासुद्धा नाही. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून ही सक्ती आहे. काचेच्या बांगड्या, चमकी आणि मंगळसूत्र काढून द्यावे लागेल. मंगळसूत्राचे तुला जड जाईल हे मला माहीत आहे. ते बाबांच्या शर्टाच्या खिशात राहील आणि खोलीत परत आलीस की तेच तुझ्या गळ्यात घालतील.

भूल म्हटल्यावर तुला माझे टॉन्सिल आठवत असतील. मी नऊ वर्षांची होते आणि तू रात्रभर लोखंडी स्टुलावर बसून होतीस. मला जाग आली की तुला कळावे म्हणून तुझ्या पदराचे टोक माझ्या मनगटाला बांधले होते, आणि सकाळी परिचारिकेने ती गाठ सोडली तर मी तिच्यावर केवढी ओरडले होते. घसा दुखत असूनही. आता तुझ्या स्टुलावर मी बसणार आहे.

शुद्धीवर आलीस की कदाचित पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण बाबा ते हृदयाचे दुखणे समजून धावपळ करतील. पोटात भरलेला वायू थोडासा उरतो, तो श्वासपटलाला डिवचतो आणि ती वेदना खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत वायू शोषला जातो आणि ते थांबते. त्याच संध्याकाळी तुला उठवून चार पावले चालवतील, तेव्हा हट्ट करू नकोस; चालण्याने वायूही सरतो आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही कमी होतो. खोकला आला की पोटावर उशी घट्ट धरून खोकायचे. सगळे सुरळीत असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी घरी.

दादाचे म्हणणे मुंबईला करावे असे होते आणि माझ्या मनात पुणे होते. पण टाके घेऊन दोनशे किलोमीटर गाडीत बसण्यापेक्षा तुला तुझा पलंग, तुझी तुळस आणि सकाळचे खिडकीतले ऊन मिळावे, असे मला वाटले. सर्जन दहा मिनिटांवर आहेत, ही गोष्टही लहान नाही. जिना चढता येईल, एकदाच आणि दमादमाने. पाण्याची बादली, कणकेचा डबा आणि कुकर मात्र महिनाभर उचलायचा नाही. छेद बाहेरून लवकर भरतो, आतून वेळ लागतो, आणि घाई केली तर बेंबीपाशी हर्निया होऊ शकतो. पोळ्यांच्या मावशींना दीड महिन्यासाठी सांगितले आहे. त्यांच्या पोळ्या जाड होतात हे मला ठाऊक आहे. खा.

जेवण पहिल्या दिवसांत मऊ भात, मुगाचे वरण, ताक, दुधी, पडवळ असे साधे, आणि थोडे थोडे करून चार-पाच वेळा. पिशवी गेली तरी यकृत पित्त तयार करतच राहते, फक्त ते साठून न राहता सारखे आतड्यात ठिबकत राहते. म्हणून एकदम खूप तेलकट पोटात गेले तर काहींना जुलाब होतात, आणि बहुतेकांचे ते हळूहळू थांबतात. जन्मभराचे पथ्य नाही. चंपाषष्ठीला तुझे दोन आठवडे झालेले असतील, तेव्हा भरीत खा, वर तेल ओतू नकोस. मार्गशीर्षातले गुरुवार या वर्षी उपाशी राहून करायचे नाहीत. दिवसभर उपास आणि वर दाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी, यापेक्षा वाईट पथ्य मला सुचवता येणार नाही. घट मांड, कहाणी वाच, जेव. आणि बाबा, रविवारची मिसळ तुम्ही बाहेरच खाऊन या. पार्सल घरात आणून तिच्यासमोर उघडू नका.

हा भाग पुन्हा वाचा आणि फ्रिजवर चिकटवा. घरी आल्यावर ताप १०१ च्या वर गेला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, उलट्या थांबेनात किंवा छिद्रातून पू आला, तर सकाळची वाट न पाहता सर्जनना फोन करायचा. छातीत दुखून धाप लागली किंवा पोटरी सुजली तर थेट दवाखान्यात जायचे. माझी बैठक आहे का, मी झोपले आहे का, याचा विचार न करता मलाही त्याच वेळी फोन करायचा.

मी रविवारी, नऊ तारखेला संध्याकाळी पोहोचते. तुम्ही द्वारका चौकात घ्यायला येऊ नका, मी रिक्षाने येईन. आई, मी न विचारता ठरवले म्हणून रागावली असशील तर आल्यावर रागाव, पण तोवर ती ओव्याची बाटली उशापासून काढून स्वयंपाकघरात ठेव.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, सोनोग्राफीची फाईल साड्यांच्या पिशवीतून काढून टीव्हीशेजारी ठेवा. गेल्या वेळी ती शोधण्यात पाऊण तास गेला होता, आणि ती पिशवी आई कोणालाही उघडू देत नाही.