फोटोतली ती तबकडी

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

परवा फोन मधेच कटला आणि बाबांचा तब्येतीचा प्रश्न अर्धाच राहिला, म्हणून लिहिते. तब्येत उत्तम आहे. मी पाठवलेल्या फोटोत चेहरा उतरलेला दिसला तो उन्हाने. ऑफिस, घर, जेवणखाण सगळं नेहमीसारखं.

आई, फोटोतली तबकडी कुत्र्यासाठी नाही. ती डिस्क गोल्फ नावाच्या खेळाची. टोपलीपर्यंत कमीत कमी फेकींत पोचायचं. टोपली लोखंडी, वर साखळ्या लोंबतात, डिस्क त्यांना आपटून आत पडते. एड हेडरिक नावाच्या माणसाने १९७५च्या सुमारास कॅलिफोर्नियात या खेळाला आजचं रूप दिलं. तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. नाक मुरडू नकोस, मलाही आधी विचित्रच वाटलं होतं.

पण खरी गंमत डिस्क निवडण्यात. इथले लोक स्थळ बघावं तसं बघतात: हातात धरून, उलटीपालटी करून, आकडे जुळवून. आकडे चार. वेग, तरंगणं, सुरुवातीला उजवीकडे झुकणं आणि शेवटी डावीकडे वळणं. (उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी, फोरहँडला दिशा उलट.) मला टोपलीजवळच्या छोट्या फेकीसाठी हवी होती, म्हणजे ओव्हरस्टेबल. ती उजवीकडे भरकटत नाही, वेग कमी झाला की हमखास डावीकडे वळून खाली बसते. समोरून वारा आला की साधी डिस्क उजवीकडे उलटते. ही तग धरते. बाबा, कारण सोपं आहे: समोरच्या वाऱ्यात डिस्कवरून हवा जास्त वेगाने जाते, म्हणून झुकणं वाढतं.

आधी बर्ग नावाची डिस्क बघितली, तिचे आकडे १, १, ०, २. जवळजवळ तरंगतच नाही, टोपलीच्या पुढे निघून जायची भीती कमी. पण माझ्या हाताला जाड लागली. टोरो नावाच्या डिस्कचे ४, २, +१, ४ (झुकण्याचा आकडा उणे असेल तर उजवीकडे, अधिक असेल तर उलट). ती दणकट हाताची डिस्क; माझ्या जोराने फेकली तर अर्ध्या वाटेतच डावीकडे कोसळते. शेवटी झोन नावाची घेतली: ४, ३, ०, ३. कड बुटकी आहे, त्यामुळे फोरहँडलाही पकड बसते, म्हणजे झाडाच्या दोन्ही बाजूंनी वळवता येते. प्लास्टिक मुद्दाम टिकाऊ घेतलं. स्वस्तातलं हाताला छान चिकटतं, पण झाडांवर आपटून आपटून लवकर मवाळ होतं आणि वळण हरवतं. मग ओव्हरस्टेबल घेण्यात अर्थ काय?

किंमत सांगत नाही, बाबा लगेच रुपयांत करतील. एकच घेतली. आणि रानात एकटी जात नाही, ऑफिसमधल्या मैत्रिणी असतात, अंधाराच्या आत घरी. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी काकाने सगळी धावपळ केली आणि ही तिकडे तबकड्या फेकतेय, असं आत्या म्हणाली असेल. म्हणू दे. डोळ्यात थेंब वेळेवर घालताय ना, तेवढं कळवा.

छोटीच्या लग्नाच्या हॉलची उरलेली रक्कम सोमवारी पाठवते. त्यातले दुसऱ्या डोळ्यासाठी बाजूला ठेवा, सगळे मंडपात घालू नका. लग्नाला मी येणारच; सुट्टी मात्र आठवड्याचीच मिळतेय, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. खरेदीला मी नसेन. छोटीची साडी माझ्याकडून, रंग तिलाच निवडू दे, आई, तू नको.

माझ्यासाठी तुम्ही पाठवलेला बायोडेटा वाचला. मुलगा बरा वाटतो. पण त्याच्या घरच्यांना हो किंवा नाही काहीच कळवू नका, आधी मी त्याच्याशी फोनवर बोलते. लग्नात पाहुण्यांसमोर हा विषय निघाला तर मी स्वयंपाकघरात असेन.

तुमची
मनू