रविवारच्या ट्रेकआधी: नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला नेहमीच्या ठिकाणी जमायचंय. शनिवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने एवढं करावंच:

– ऑरगॅनिक मॅप्स किंवा तत्सम अ‍ॅपमध्ये त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवा. ग्रुपवरची जीपीएक्स फाइल (म्हणजे नकाशावर वाट दाखवणारी फाइल) त्यात उघडून बघा.
– समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) चालू ठेवा. त्या एकमेकींना अगदी चिकटल्या, की तिथे खडा चढ नाहीतर कडाच. बोटभर दिसणारी वाट अशा जागी तासभर घेते, म्हणून नुसतं अंतर मोजू नका.
– वर रेंज नसेल. जीपीएसला ती लागत नाही; फोन उपग्रहांचे सिग्नल थेट घेतो. रेंज शोधण्यात बॅटरी जाते, तेव्हा फ्लाइट मोड लावा. पण त्यात लोकेशन दिसतंय ना, हे घरीच उघड्यावर तपासा.

पॉवर बँक आपापली. छापील नकाशा आणि होकायंत्र मी आणतोय. काही अडलं तर शुक्रवारी रात्री फोन करा, शेजारी बसून करून देईन.