सूचना: हिकव्हिजनचे आयपी कॅमेरे दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला जोडताना

सभासद मित्रांनो, हिकव्हिजनचे आधीपासून बसवलेले कॅमेरे दाहुआ किंवा सीपी प्लसच्या एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरला) जोडताना ‘पासवर्ड चुकीचा’ असा संदेश आला की लगेच कॅमेरा रीसेट करू नका. बहुतेक वेळा पासवर्ड बरोबरच असतो.

कॅमेऱ्याच्या नव्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना जोडणारे सामाईक प्रोटोकॉल, मुळातच बंद असते. कॅमेऱ्याच्या वेबपेजवर कॉन्फिगरेशन, नेटवर्क, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, इंटिग्रेशन प्रोटोकॉल असे जाऊन ते सुरू करा आणि तिथेच ऑनव्हिफचा वेगळा युजर तयार करा. कॅमेऱ्याचा अॅडमिन आणि हा युजर एक नव्हेत. सगळा घोळ इथेच होतो. मग एनव्हीआरमध्ये प्रोटोकॉल ‘ऑनव्हिफ’, पोर्ट 80 आणि हाच युजर-पासवर्ड भरा.

तरीही नकार आला तर दोन्हींचे घड्याळ आणि टाइमझोन जुळवा. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळ गुंफलेली असते, त्यामुळे तारीख चुकली की बरोबर पासवर्डही नाकारला जातो. पुन्हा पुन्हा प्रयत्न केलात तर कॅमेरा काही वेळ लॉक होतो.

कॅमेरा जोडला, पण पडदा काळा? व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये एच.265 प्लस बंद करून एच.264 ठेवा, आरटीएसपीचा (थेट चित्र पाठवणाऱ्या प्रोटोकॉलचा) पोर्ट 554 आहे ना, तेही बघा.

हिकव्हिजनच्या जुन्या एनव्हीआरच्या पीओई पोर्टवरचे (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या पोर्टवरचे) कॅमेरे बहुधा 192.168.254 च्या पट्ट्यात असतात. जुना एनव्हीआर काढण्याआधी त्यांचे आयपी लिहून घ्या.

मोशन अलर्ट मात्र ऑनव्हिफवर नेहमीच येतील असे नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा.