मोबाईलच्या कव्हरमधलं कार्ड

महोदय,

हल्ली गोखले रोडवरच्या कुठल्याही दुकानात बघा, पाकीट नको म्हणून लोक मोबाईलच्या कव्हरमध्येच डेबिट कार्ड खोचून फिरतात आणि टॅप करायला तोच मोबाईल मशीनवर टेकवतात. आता मशीनला काय स्वप्न पडणार आहे की पैसे फोनमधून द्यायचेत का मागच्या कार्डातून? दोघांतही एनएफसी (जवळ नेलं की बिनतारी माहिती पाठवणारी चिप), दोघंही मशीनपासून बोटभर अंतरावर, मग एकतर एरर येतो नाहीतर कार्डातूनच पैसे जातात. माझ्या बहिणीचे असेच नको त्या खात्यातून गेले आणि कॅशियर वर म्हणतो, "मॅडम, पेमेंट झालं ना, मग काय!"

फोन हरवला तर लॉक तरी असतो, शिवाय टॅप करताना त्यातून खरा कार्ड नंबर जात नाही, टोकन, म्हणजे त्याच्याऐवजी वापरलेला पर्यायी नंबर जातो. कार्डाचं तसं नाही, १ जानेवारी २०२१ पासून एका वेळी ५००० रुपयांपर्यंत पिन न टाकता टॅप करता येतं, म्हणजे लोकलच्या गर्दीत ज्याच्या हाती फोन लागला त्याला कार्ड फुकटात!

कार्ड ठेवूच नका असं नाही, बॅटरी संपली की तेच कामाला येतं, पण ठेवा वेगळं. आणि कॉन्टॅक्टलेस, म्हणजे हे टॅप करून पैसे देणं, बंद-चालू करायची, लिमिट कमी करायची सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने प्रत्येक बँकेने द्यायचीच आहे, ती ॲपमध्ये कुठेतरी आत दडवलेली असते. ती नीट समोर दिसेल अशी ठेवा आणि नवीन कार्ड देतानाच शाखेत दोन मिनिटं काढून दाखवा, विशेषतः ज्येष्ठांना, एवढंच बँकांना सांगणं आहे.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे